साथ एकच, मग लोक वेगवेगळे का वागतात? मुंबई-पुण्याच्या प्लेगपासून कोरोनापर्यंत

साथ आली की एक वाक्य ठरलेलं असतं, लोक ऐकतच नाहीत. 1897 मध्ये पुण्यातले इंग्रज अधिकारी हेच म्हणायचे, 2020 मध्ये टीव्हीवरचे अँकर हेच ओरडत होते आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रोज कुणीतरी मंडईतल्या गर्दीचा फोटो टाकून खाली लिहायचं, ‘यांना अक्कल कधी येणार’. लिहिणाऱ्याच्या घरी दूध, किराणा, भाजी सगळं गेटपर्यंत येत होतं ही गोष्ट वेगळी.

माझं म्हणणं असं की साथीत माणूस कसा वागतो हे त्याच्या अकलेवर किंवा डिग्रीवर फारसं ठरत नाही. दोन गोष्टींवर ठरतं. एक, ऐकलं तर माझं काय जाणार? आणि दोन, हे सांगणारा माझा कोण लागतो? पहिल्या प्रश्नात सगळी विषमता येते, दुसऱ्यात जात, धर्म, भाषा, गल्ली, काय असेल ते. समाजशास्त्रवाल्यांनी यावर जाडजूड पुस्तकं लिहिलीत, पण आपल्याला लांब जायची गरजच नाही, हे सगळं आपल्याकडे एकदा नाही दोनदा होऊन गेलंय.

सुरुवात मुंबईपासून करू. सप्टेंबर 1896, मांडवीचा भाग, धान्याची गोदामं, गोदी जवळ, उंदीर मरून पडतायत आणि माणसांना ताप येऊन काखेत नाहीतर जांघेत गाठ येतेय. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस तिथे प्रॅक्टिस करायचे, त्यांनी पेशंट बघून सांगितलं की हा प्लेग आहे. आधी बऱ्याच जणांचा विश्वास बसेना, काहींना तो बसवून घ्यायचाच नव्हता, कारण प्लेग म्हटलं की बंदर बंद आणि धंदा बसला. ऑक्टोबरमध्ये म्युनिसिपालिटीने कडक नियम काढले, पेशंट सापडला की उचलून हॉस्पिटलात न्यायचा, घरच्यांची इच्छा असो वा नसो. हॉस्पिटल म्हणजे आर्थर रोडचं, आजचं कस्तुरबा, जिथे 2020 मध्ये मुंबईतले पहिले कोरोना पेशंट ठेवले होते तेच.

आता गिरणीकामगाराच्या बाजूने बघा. तिथे नेलेला माणूस बहुतेक वेळा परत येतच नव्हता, कारण पेशंट नेला जायचा तोच मुळात शेवटच्या स्टेजला. घरच्यांना दिसायचं एवढंच की आत चालत गेला आणि बाहेर मढं आलं. त्यातून अफवा उठल्या, आत मारून टाकतात, अंगातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढतात, राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं म्हणून राणी सूड घेतेय. ऑक्टोबर संपता संपता शेकडो गिरणीकामगारांनी हॉस्पिटलवर चक्क हल्ला केला. वरून बघणाऱ्याला हे अडाणीपणाचं टोक वाटेल, पण ज्या माणसाला आयुष्यात साहेबाने किंवा सरकारने एकदाही हॉस्पिटलात नेलं नव्हतं त्याला अचानक शिपाई येऊन फुकट उपचाराला ओढत नेतायत म्हटल्यावर तो ‘का?’ असं विचारणारच ना.

याच महिन्यातली अजून एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी महिना व्हायच्या आत ते नियम सैल केले. का? कारण भीती अशी होती की रस्ते झाडणारे आणि मैला उचलणारे कामगार घाबरून शहर सोडून गेले तर प्लेगपेक्षा मोठं संकट येईल. तेव्हा संडासाचा मैला माणसं उचलायची. म्हणजे समाजाने ज्यांना सगळ्यात खाली ठेवलं होतं त्यांच्या एका संभाव्य ‘आम्ही चाललो’ने कमिशनरला माघार घ्यावी लागली. तसंही निघायला जमेल तो निघतच होता. 1897 च्या सुरुवातीपर्यंत साडेआठ लाखांच्या आसपासच्या मुंबईतली जवळजवळ अर्धी माणसं बाहेर पडली होती, कोकणात, घाटावर, गुजरातेत. गिरणीवाल्यांना कामगार मिळेनात म्हणून एरवी महिन्याचा पगार थकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज पैसे हातावर ठेवायला लागले, आणि म्हणे कामगार ऐकत नाहीत, बरोबर रोख दिली की ऐकतात.

फेब्रुवारी 1897 मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. छोटासाच, चार कलमांचा, पण अधिकार अफाट. माणसाला तपासा, घर तपासा, वेगळं ठेवा, आणि सद्हेतूने केलं असेल तर अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही. हाच कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात लागू झाला, 123 वर्षांनी, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता पुणे. इथली गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलीय, 22 जून 1897 ला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी इंग्रज अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. पण शाळेत ती क्रांतीची गोष्ट म्हणून शिकवतात, साथीची म्हणून नाही, त्यामुळे मधला भाग राहून जातो.

रँड प्लेग कमिटीचा अध्यक्ष. मार्चच्या मध्यापासून त्याने घरझडती सुरू केली आणि त्या कामाला लष्कर लावलं. सकाळी गल्लीची दोन्ही तोंडं बंद करायची, सोजिरांची, म्हणजे गोऱ्या सैनिकांची, तुकडी बूट घालून माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात, सोवळ्याचं घर असो की बाळंतिणीची खोली, सगळीकडे. कुलूप असेल तर तोडा. अंथरुणं-पांघरुणं रस्त्यावर आणून जाळा, जमीन खणा, भिंतींना चुना फासा. पेशंट सापडला तर तो हॉस्पिटलात आणि घरचे सगळे सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे वेगळं ठेवायच्या छावणीत. ज्याच्याकडे दहा गोधड्या त्याची एक जळली तर तो चडफडेल, पण ज्याच्याकडे सगळ्या घराला मिळून दोनच, तो पुढच्या थंडीत काय करणार? कॅम्पात राहिलेल्या दिवसांची मजुरी कोण देणार? पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे ‘माझं काय जाणार’चं, उत्तर एकाच गल्लीत घराघराला वेगळं होतं.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी जी आपण सहसा टाळतो. पुण्याचा जो संताप आपल्यापर्यंत पोचलाय तो मुख्यतः ज्यांच्याकडे छापखाने आणि वर्तमानपत्रं होती त्यांचा आहे. देवघर बाटलं, बायकांची बेअब्रू झाली, हा संताप खराच होता, त्यात खोटं काही नाही. रेल्वे स्टेशनांवर परपुरुष डॉक्टर बायकांच्या काखा-जांघा चाचपणार ही गोष्ट त्या काळात काय होती याचा विचार करा. पण गावकुसाबाहेर जे मेले त्यांची दखल कुणी घेतली? तिथे सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरजवळ ससाणे माळावर दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका मुलाला प्लेग झाल्याचं कळल्यावर सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. म्हणजे रँडचे सोजीर घराघरात शिरायच्या काही दिवस आधी. त्या महारवाड्यासाठी ‘सांगणारा कोण लागतो’ या प्रश्नाचं उत्तर होतं सावित्रीबाई. लष्कराच्या बंदोबस्ताला जे जमलं नाही ते त्या बाईला जमत होतं कारण प्लेग यायच्या कितीतरी आधीपासून त्या तिथे होत्या, दुष्काळात होत्या, शाळेत होत्या.

टिळकांचंही चित्र आपण एकरंगी करून ठेवलंय. त्यांचा विरोध पेशंटला वेगळं ठेवण्याला नव्हता, पद्धतीला होता. ते स्वतः पुण्यात थांबले, पळून गेलेल्या पुढाऱ्यांवर केसरीतून टीका केली आणि हिंदू प्लेग हॉस्पिटल काढायला मदत केली. हिंदू हॉस्पिटलच का? कारण सरकारी हॉस्पिटलात पाणी कोणाच्या हातचं, जेवण कोणाचं, शेजारच्या खाटेवर कोण, या भीतीनेच लोक पेशंट लपवायचे. मुंबईतही ब्रिगेडियर जनरल गटेकरच्या प्लेग कमिटीला हे लवकर उमगलं. त्यांनी प्रत्येक समाजाला आपापलं हॉस्पिटल काढायची परवानगी दिली, पारशी, भाटिया, जैन, खोजा, मेमन, भराभर उभी राहिली. माणूस तोच, आजार तोच, पण दारात उभा असलेला स्वयंसेवक आपल्या ओळखीचा म्हटल्यावर लोक पेशंट बाहेर आणायला लागले.

आता याला चांगलं म्हणायचं की वाईट, मला आजही ठरवता येत नाही. लोक वाचले हे खरं. पण जातीच्या भिंती हॉस्पिटलातही पक्क्या झाल्या आणि ज्या समाजाकडे शेठ नव्हते त्यांच्या वाट्याला तेच जुनं सरकारी हॉस्पिटल राहिलं. ओळख विश्वास वाहून आणते पण तिच्यासोबत भिंतही येते, दोन्ही एकाच गाडीने.

लसीचंही तसंच. वाल्डेमार हाफकिन, ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ, त्याने मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली, जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या जेलमधल्या कैद्यांवर प्रयोग केला. (कैदीच का, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.) लोक लसीला घाबरत होते. खोजा समाजात मात्र त्यांचे धर्मगुरू, तरुण आगाखान तिसरे, पुढे आले, स्वतःला जाहीरपणे आणि एकदा नाही तर पुन्हा पुन्हा टोचून घेतलं, हाफकिनला लॅबसाठी जागा दिली, आणि हजारो खोजांनी लस घेतली. लसीचं शास्त्र त्यांना एका रात्रीत कळलं असं नाही, आपल्या माणसाचा दंड दिसला. आता नोव्हेंबर 2021 वर या, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले की मुस्लिमबहुल भागात लसीकरण कमी आहे म्हणून सलमान खानला आवाहन करायला सांगू. हसू येईल, पण युक्ती जुनीच आहे आणि मुळात चूक नाही. फरक एवढाच की आगाखानांचा त्या समाजाशी पिढ्यांचा संबंध होता, आणि सिनेमाचा हिरो सगळ्यांचा असतो म्हणजे खास कुणाचाच नसतो.

लोकांच्या अविश्वासाबद्दल बोलताना अजून एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे सरकारचं शास्त्रही तेव्हा अर्धवट होतं. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं आणि ते मान्य व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. म्हणजे 1897 मध्ये माणसांना ओढून नेणं, चुना फासणं, जमीन खणणं याचा पिसवांवर फारसा परिणाम होत नव्हता, उलट घर खणल्यावर उंदीर शेजारच्या घरात. याउलट आपल्या खेड्यात काय करायचे? उंदीर पडायला लागले की अख्खं गाव रानात, माळावर झोपड्या बांधून राहायचं, दोनतीन महिन्यांनी परत यायचं. पिसवा बिसवा काही माहीत नसताना हा उपाय बरोबर निघाला, पुढे सरकारनेही तोच सांगायला सुरुवात केली. अर्थात रानात जायलाही रान लागतं, ज्याचं शेत नाही तो कुणाच्या माळावर झोपडी बांधणार हा प्रश्न आहेच.

मग 1918 चा फ्लू. तेव्हा गाठही नव्हती आणि घरझडतीही नव्हती, नुसता ताप आणि श्वास. त्या वर्षीचे मुंबईचे आकडे बघा, दर हजारी मृत्यू युरोपियनांमध्ये 8 च्या आसपास, पारशांमध्ये 9, सवर्ण हिंदू आणि मुसलमानांमध्ये साधारण 19, आणि ज्यांना सरकारी कागदात ‘लो कास्ट’ हिंदू म्हटलंय त्यांच्यात 61 च्या वर. सात पटींहून जास्त फरक. व्हायरसला जात कळत नाही हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं. व्हायरसला कळत नाही, पण खोलीत किती माणसं झोपतात, पोटात काय आहे, ताप आला तर घरी बसता येतं का आणि पाणी कुठून आणावं लागतं हे सगळं जात आणि पगाराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आता कोरोना. महाराष्ट्रातले पहिले पेशंट 9 मार्च 2020 ला पुण्यात सापडले, दुबईची ट्रिप करून आलेले. रोग विमानाने आला पण संशय पायाने चालणाऱ्यांवर गेला. 24 मार्चला रात्री आठला घोषणा आणि बारापासून देश बंद, मधे चार तास. ज्याच्याकडे फ्रीज, बँक बॅलन्स आणि लॅपटॉप होता त्याला ‘घरी बसा’ म्हणजे गैरसोय होती, ज्याचं हातावर पोट आणि दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं त्याला ‘घरी बसा’ हे वाक्यच लागू होत नव्हतं, कारण संडासला जायलाच रस्त्यावर यावं लागतं, आणि तिथे लाईन. 14 एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले तेव्हा चॅनलवर काय चर्चा झाल्या आठवतंय का? कट कुणाचा, स्टेशनशेजारी मशीद कशी. त्यांना घरी जायचं होतं एवढी साधी गोष्ट कुणाला पुरेना. 8 मे ला पहाटे जालन्याहून रुळावरून चालत निघालेले 16 मजूर औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली गेले, तेव्हाही ‘रुळावर झोपतं का कुणी’ लिहिणारे होतेच.

तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रसारक संघटनेच्या प्रकरणात तर ओळखीने उलटं काम केलं. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधून केसेस निघाल्या हे खरं, पण आठवडाभरात आजाराला धर्म चिकटला, भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेणं सुरू झालं. परिणाम काय? वस्तीत कुणाला ताप आला तरी सांगायला भीती, कारण पॉझिटिव्ह निघालो तर आपल्यामुळे सगळ्या समाजाला शिव्या. 1897 मध्ये पेशंट लपवायचे तसेच. ऑगस्ट 2020 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं साफ म्हटलं, पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि निकालाचे फॉरवर्ड कुणी फिरवत नाही.

मुंबईतला जुलै 2020 चा सेरो सर्व्हे या सगळ्यावरचा एक आकडा आहे. तीन वॉर्डात रक्त तपासलं, झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आणि बाहेरच्या सोसायट्यांत 16 टक्के. म्हणजे ज्या घरकामाच्या बायकांना आजार पसरवतील म्हणून सोसायट्यांनी गेटवर अडवलं, आजार त्यांच्याचकडे आधी जाऊन बसला होता. आमच्याकडे तर नोटीस अशी होती की मोलकरणींनी लिफ्ट वापरू नये, आणि त्याच लिफ्टने डिलिव्हरीची खोकी वर जात होती. मीटिंगमध्ये यावर कुणी बोललं नाही, मीही नाही.

धारावीत पहिला पेशंट 1 एप्रिलला सापडला तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आता मुंबई संपली. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास जागा आणि आठ-दहा लाख माणसं. पालिकेने सुरुवातीला घरोघरी तपासणी केली तेव्हा लोक दार उघडायला तयार नव्हते, उचलून नेतील ही तीच भीती. मग तिथलेच प्रायव्हेट डॉक्टर, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं तापाला औषध घ्यायला जातात, त्यांना पीपीई घालून सोबत घेतलं. ओळखीचा डॉक्टर दारात आला की माणूस खोकला सांगतो. क्वारंटाइनला शाळा, हॉल घेतले आणि तिथे जेवण, डॉक्टर दिला, म्हणजे दोन्ही प्रश्नांना एकदम हात घातला, सांगणारा ओळखीचा आणि ऐकण्याची किंमत थोडी कमी. जुलैपर्यंत धारावीचं कौतुक जगभर झालं. सगळं श्रेय याचंच होतं असं मी म्हणणार नाही, बरेच मजूर गावी गेले होते आणि बऱ्याच जणांना लागण होऊनही गेली होती.

पण सरकारी यंत्रणेची सवय मात्र दंडुक्याचीच राहिली. लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात कलम 188 खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे, लाखाच्या वर गुन्हे नोंदले गेले. सप्टेंबर 2020 मध्ये 1897 च्या कायद्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आणली, जी हवीच होती, मार खाणारेही बहुतेक खालच्या पगारावरचेच असतात. मात्र लोकांचा विश्वास कुणी कमवायचा, त्याला किती पगार द्यायचा, यावर त्या कायद्यात अक्षर नाही.

ते काम प्रत्यक्षात कोण करत होतं तर आशा ताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका. गावात त्याच गावची सून, सगळ्यांच्या बाळंतपणाला गेलेली, लसीला कोण नाही म्हणतंय आणि का म्हणतंय हे तिला माहीत. मुंबईहून आलेल्या माणसाला ‘दादा, चौदा दिवस शाळेत रहा, डबा मी पोचवते’ हे तीच सांगू शकत होती आणि शिव्याही तिलाच पडत होत्या. तिला पगार नसतो, मानधन असतं, आणि कोविडच्या कामाचा भत्ता सुरुवातीला महिन्याला हजार रुपये. जून 2021 मध्ये, दुसरी लाट नुकती ओसरत असताना, राज्यातल्या जवळपास 70 हजार आशांनी संप केला. सव्वा आठवडा चालला, सरकारने महिन्याला पंधराशे रुपये वाढवून दिले, त्यातले पाचशे फक्त कोविड असेपर्यंत.